बेडूक कुठल्या गावचा?

(क्रांती चौक परिसरात झालेल्या स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यान)



निमंत्रणपत्रिकेवर बेडूक पाहून काही जण हसले, असं संयोजकांनीच मला सांगितलं. हसणं रास्त आहे. इथून हाकेच्या अंतरावर काळा चबुतरा आहे. १८५७ मध्ये इथल्या घोडदळातल्या बंडखोर शिपायांना जिथे देहदंड दिला गेला, ती ही जागा. चौकाच्या नावातली क्रांती तीच. मधोमध शिवरायांचा अश्वारूढ पुतळा उभा आहे. अशा ठिकाणी माणसं इतिहास ऐकायला येतात. मीही थोडा इतिहासच सांगणार आहे, फक्त त्यातला नायक ओलसर आहे.

गेली काही वर्षं माझ्या फोनवर फोटो येतात. पूर्वी सगळे सापांचे असायचे: ‘सर, विषारी आहे का?’ आता त्यांत अधूनमधून बेडूक असतो. पावसाळ्यात अंगणात शिरलेला नव्हे, पाळलेला. असाच एक फोटो आपल्या शहरातल्या एका तरुणाने पाठवला होता. प्लास्टिकचा खोका, तळाला कोकोपीट, आणि त्यात अर्धं अंग गाडून बसलेला, मुठीएवढा, मळकट हिरवा बेडूक. तोंड एवढं रुंद की बाकीचं शरीर त्या तोंडाच्या सोयीसाठी जोडलंय असं वाटावं. खाली प्रश्न: ‘आफ्रिकन बुलफ्रॉग आहे. विकणारा जायंट म्हणाला होता. दोन वर्षं झाली, वाढत नाही. हा ड्वार्फ आहे का?’

प्रश्न साधा वाटतो. उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही, आणि ते का देता येत नाही, एवढाच आजचा माझा विषय आहे.

बाजारात ‘आफ्रिकन बुलफ्रॉग’ म्हणून जे विकलं जातं त्यात मुख्यतः दोन जाती असतात. पहिली पिक्सीसेफॅलस ॲडस्पर्सस. हिला नाव दिलं त्शुदी या स्विस शास्त्रज्ञाने, १८३८ साली. दक्षिण आफ्रिका, बोत्स्वाना, नामिबिया, झिम्बाब्वे या भागातल्या गवताळ, कोरड्या पठारांवरची ही जात. नर २० सेंटिमीटरच्या पुढे जातो, वजन किलोच्या वर. दुसरी पिक्सीसेफॅलस एडुलिस. बर्लिनच्या संग्रहालयातले विल्हेल्म पीटर्स मोझांबिकमध्ये काही वर्षं राहिले होते. त्यांनी तिथल्या बेडकावरून १८५४ मध्ये ही जात नोंदवली. नावाचा अर्थ ‘खाण्याजोगा’, आणि तिथे तो खाल्लाही जातो. हा साधारण १२ सेंटिमीटरवर थांबतो. बाजारात पहिल्याला जायंट म्हणतात, दुसऱ्याला ड्वार्फ. शिवाय सोमालियात तिसरी जात आहे, आणि पूर्व किनाऱ्यावरच्या एका रूपाला अलीकडे पुन्हा स्वतंत्र जातीचा दर्जा मिळाला आहे. विकणाऱ्याला या दोघांशी देणंघेणं नसतं.

गंमत अशी की विसाव्या शतकात बराच काळ एडुलिसला ॲडस्पर्ससचंच एक रूप समजत. त्यामुळे त्या काळातल्या पुस्तकांत दोघांची मापं, आवाज, सवयी एकाच पानावर मिसळलेल्या सापडतात. तीच पुस्तकं वाचून पुढच्यांनी लिहिलं, त्यावरून पाळणाऱ्यांसाठीच्या पुस्तिका झाल्या, आणि पुस्तिकांवरून विक्रेत्यांच्या चिठ्ठ्या.

आता फोटोकडे येऊ. पहिली खूण सगळे आकाराची सांगतात. तीच सर्वांत फसवी. बहुतेक बेडकांत मादी मोठी आणि नर किरकोळ असतो. ॲडस्पर्ससमध्ये हे उलटं आहे: नर अवाढव्य, मादी त्याच्यापेक्षा बरीच लहान. म्हणजे मुठीएवढ्यावर थांबलेला बेडूक ड्वार्फचा नर असू शकतो, जायंटची मादी असू शकतो, किंवा लहानपणी पोटभर न मिळालेला जायंटचा नरही असू शकतो. तिघंही ‘वाढत नाहीत’. हे ऐकून तो तरुण म्हणाला, ‘म्हणजे दुकानदार खोटं बोलला असं छातीठोक म्हणता येणार नाही?’ नाही येणार. त्याला स्वतःलाही ठाऊक नसण्याची शक्यता जास्त.

रंगाचंही तसंच. पिल्लू असताना दोन्ही जाती हिरव्या, ठिपकेदार, पाठीवरून फिकी रेघ गेलेल्या. मोठ्या नराचा गळा पिवळा होतो, पण पिवळा गळा ही काही एकाच जातीची मक्तेदारी नाही. म्हणून मी त्याला सांगितलं, वरून फोटो नको, बाजूने काढ, डोळ्याच्या पातळीवर मोबाइल धरून. बेडकाचा कान बाहेर नसतो, डोळ्यामागे गोल पडदा असतो. एडुलिसच्या या पडद्यावर पुष्कळदा फिका डाग दिसतो. जाणकार डोळा आणि पडदा यांच्यातलं अंतरही मोजतात. ही खूण उपयोगी आहे, पण ‘पुष्कळदा’ या शब्दावर लक्ष असू द्या.

आवाज त्याहून भरवशाचा. मूळ मुलखात पहिला मोठा पाऊस पडला की ॲडस्पर्ससचा नर खोल, लांबट हुंकार देतो. एडुलिस आखूड भुंकतो, अगदी लहान कुत्रं भुंकावं तसा. काळोखातसुद्धा ऐकणारा दोघांना वेगळं काढेल. बेडकाच्या मादीला तरी दुसरी कुठली खूण हवी असते? पण खोक्यातला बेडूक गप्प असतो. त्याच्या आयुष्यात पाऊस येत नाही, डबकं भरत नाही, प्रतिस्पर्धी दिसत नाही. ज्या प्रसंगी तो आपली ओळख सांगतो, तो प्रसंगच आपण काढून घेतलेला असतो.

आणि मग उरतो तो प्रश्न, जो कोणताही बेडूक-अभ्यासक सगळ्यांत आधी विचारतो: कुठे सापडला? आपल्याकडे पाहुणा आला की चहाआधी ‘गाव कोणतं?’ विचारतात, आणि गाव कळलं की अर्धा माणूस कळतो, तसंच हे. बोत्स्वानाच्या अमुक पठारावर मिळाला म्हटलं की निम्म्या शक्यता गळून पडतात. मोझांबिकच्या सखल भागात म्हटलं की दुसऱ्या निम्म्या. पण पाळीव बेडकाला गाव नसतं. तो कुठल्या देशात, कुठल्या टाकीत, कुठल्या आईबापांपासून जन्मला, हे शृंखलेतल्या तिसऱ्या विक्रेत्यापर्यंत येईतो पुसलं गेलेलं असतं. बाजाराला फक्त दोन गोष्टी सांभाळायच्या असतात: नाव आणि भाव. आणि नावाला आधार देणारं गाव गेलं की नाव हवेतच राहतं.

हे फक्त आफ्रिकेतल्या बेडकाबाबत झालं असं समजू नका. आता मी तुम्हाला जालन्याला नेतो, फार लांब नाही, साठेक किलोमीटर.

थॉमस जर्डन हा मद्रास फौजेतला सर्जन. १८३० च्या दशकाच्या अखेरीस त्याचं घोडदळ जालन्याच्या छावणीत आलं आणि पुढची सुमारे चार वर्षं तो दख्खनच्या पठारावर होता. सैनिकांच्या नाड्या तपासायच्या आणि उरलेल्या वेळात पक्षी, मुंग्या, सरडे, बेडूक गोळा करायचे, हा त्याचा दिनक्रम. जर्डनचा धाविक हा पक्षी ऐकला असेल, तो याच्याच नावाचा. १८५३ मध्ये त्याने दक्षिण भारतातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांची आणि बेडकांची यादी बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापली. त्यात आपल्याकडच्या दोन बेडकांना त्याने घातलं थेट पिक्सीसेफॅलसमध्ये, म्हणजे या आफ्रिकन बुलफ्रॉगच्याच कुळात! एकाचं नाव पिक्सीसेफॅलस प्लुव्हिॲलिस, दुसऱ्याचं पिक्सीसेफॅलस रुफेसेन्स.

जर्डन काही गल्लत करणारा गडी नव्हता. त्याने तसं का केलं, हे समजायला बेडकाचा मागचा पाय पालथा करून पाहावा लागतो. पहिल्या बोटाच्या मुळाशी, तळव्याच्या कडेला एक कडक, धारदार, अर्धगोल उंचवटा असतो. नख नव्हे, हाडही नव्हे, राठ झालेली कातडी. पोट वर करून धरला तर बेडूक सुटकेसाठी पाय झाडतो आणि तो उंचवटा बोटाला खरोखर टोचतो. हे त्याचं फावडं. उन्हाळा लागला की हा प्राणी मागे सरकत सरकत, डाव्या उजव्या पायाने माती बाजूला सारत स्वतःला गाडून घेतो. पाहणाऱ्याला वाटतं जमीनच त्याला गिळतेय. आफ्रिकन बुलफ्रॉग असाच गाडून घेतो, गळालेल्या कातडीच्या थरांचं वेष्टण स्वतःभोवती करतो आणि महिनोन्महिने पावसाची वाट बघत पडून राहतो. आपल्या मराठवाड्यातल्या काळ्या-मुरमाड शेतांत, नांगराच्या तासाला जो गोल, फुगीर, बुटक्या तोंडाचा छोटा बेडूक निघतो, त्याच्याही पायाला हेच फावडं. जर्डनने फावडं पाहिलं, बुटकं डोकं पाहिलं आणि म्हटलं, कूळ एकच.

त्या काळात तो तर्क चुकीचा म्हणता येणार नाही. पुढे बुलेंजरने १८९० च्या ग्रंथात या सगळ्यांना ‘राना’ या एका मोठ्या टोपलीत टाकलं. मग विसाव्या शतकात आपले हे गाडून घेणारे बेडूक पुन्हा एका आफ्रिकन गटात, टोमोप्टर्नात, गेले. आफ्रिका, मादागास्कर आणि भारत, तिन्हीकडचे फावडेवाले एका नावाखाली नांदत होते. शतक संपता संपता डीएनएचे पुरावे आले आणि कळलं की ही तीन घराणी वेगवेगळी आहेत. कोरड्या मुलखात राहायचं तर जमिनीत शिरावं लागतं, आणि जमिनीत शिरायचं तर फावडं लागतं. म्हणून तिघांनी ते स्वतंत्रपणे कमावलं. आपल्याकडच्यांना आज स्फेरोथेका म्हणतात. आफ्रिकेतले टोमोप्टर्ना मात्र खरोखरच पिक्सीसेफॅलसच्या कुटुंबातले निघाले.

इथे थांबलं असतं तर गोष्ट सोपी होती. महाराष्ट्रातल्या या स्फेरोथेकाला दोनशे वर्षं आपण ब्रेव्हिसेप्स म्हणत आलो. हे नाव श्नायडरने १७९९ मध्ये दिलं, आणि ते दिलं तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीच्या बेडकाला. म्हणजे समुद्राकाठच्या बेडकाचं नाव दख्खनच्या बेडकाच्या गळ्यात. कुणी ‘हा तोच कशावरून?’ असं विचारलं नाही. २०१७ मध्ये पुण्याचे आनंद पाध्ये, नीलेश डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते विचारलं. मापं घेतली, डीएनए तपासलं आणि पश्चिम भारतातल्या या बेडकाला स्फेरोथेका पश्चिमा असं नाव दिलं. त्यावरही पडदा पडला नाही. काही वर्षांतच नेपाळच्या बेडकांवर काम करणाऱ्यांनी मांडलं की १९९८ मध्ये नेपाळमधून नोंदलेली मस्केयी आणि ही पश्चिमा एकच असावी. तसं असेल तर आधीचं नाव टिकतं. काहींना हा पोरखेळ वाटतो. मला नाही वाटत. शेतात पायाखाली असलेल्या प्राण्याचं नाव ठरवायला दोनशे वर्षं आणि तीन प्रदेशांतली माणसं लागली, तर खोक्यातल्या बेडकाचं नाव एका फोटोवरून मागणाऱ्याने थोडा धीर धरायला हरकत नाही.

‘मग डीएनए करू या ना,’ असं तो तरुण म्हणालाच. चांगली कल्पना, आणि त्यासाठी पुण्या-मुंबईकडे बघण्याचंही कारण नाही. आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात डीएनए बारकोडिंगचं केंद्र आहे आणि ते कॅनडाच्या ग्वेल्फ विद्यापीठातल्या पॉल हेबर्ट यांच्या नावाने आहे. २००३ मध्ये हेबर्ट यांनीच सुचवलं होतं की मायटोकाँड्रियातल्या एका जनुकाचा साडेसहाशे अक्षरांच्या आसपासचा तुकडा वाचला तर प्राण्याची जात ओळखता येईल. बेडकाच्या तोंडात कापसाची काडी फिरवून पेशी मिळतात; त्याला इजा होत नाही. बेडकांसाठी अभ्यासक सोळा-एस नावाचा दुसरा तुकडा जास्त वापरतात.

पण यंत्र नाव सांगत नाही. ते फक्त अक्षरं देतं. ती अक्षरं कुणाशी जुळतात हे पाहायला आधीच ओळखलेल्या, गाव माहीत असलेल्या बेडकांची अक्षरं लागतात. दहा चुकीच्या लेबलांच्या बेडकांशी अकरावा जुळला तर चूक अधिक ठाम होते, एवढंच. शिवाय हे जनुक फक्त आईकडून येतं. टाकीत जायंट आणि ड्वार्फ एकत्र ठेवून कुणी संकर केला असेल, तर बापाचा पत्ताच लागणार नाही.

आता कुणी म्हणेल, कळून तरी काय करायचं? जायंट असो की ड्वार्फ, झुरळं खातो ना? खातो, उंदीरही खातो, संधी मिळाली तर भाऊबंदही खातो. म्हणून दोन एकत्र ठेवू नयेत, ही गोष्ट जात न कळताही लागू आहे. पण बाकी गोष्टी नावावर ठरतात. जायंटचा नर असेल तर त्याला पुढे किती जागा लागणार आणि तो तीस वर्षांहून अधिक जगला तर कोण सांभाळणार, हे विकत घेण्याआधी ठरवायला हवं. एवढा काळ तर आपण मोटारसायकलही वापरत नाही.

कायद्यालाही नाव लागतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराबद्दलच्या साइट्स करारातल्या प्राण्यांची स्वतंत्र अनुसूची आली, आणि फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी असे जिवंत प्राणी परिवेश पोर्टलवर नोंदवणं बंधनकारक केलं. आफ्रिकन बुलफ्रॉग साइट्सच्या यादीत नाही. आपला भारतीय बुलफ्रॉग मात्र १९८५ पासून त्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. तोच, जो पहिल्या पावसात हळदीसारखा पिवळाधमक होतो आणि दोन निळे फुगे फुगवून ओरडतो. त्याचं पिल्लूही हिरवं आणि पाठीवर फिकी रेघ असलेलं. डबक्यातून उचललेलं असं पिल्लू ‘आफ्रिकन बेबी’ म्हणून खपवणं अवघड नाही. ओळखायचं तर मागच्या पायाची बोटं पसरून पाहा: आपल्याकडच्याचा पडदा जवळजवळ टोकापर्यंत, आफ्रिकनचा अर्धवट. तुमच्या खोक्यातला बेडूक कायद्याला चालतो की नाही, हे त्या पडद्यावर ठरतं.

असं न ओळखता विकण्याची आपली परंपरा जुनीच आहे. १९८० च्या दशकात भारतातून बेडकाच्या तंगड्या परदेशी जात, एकेका वर्षाला चार हजार टनांपर्यंत. टायग्रिना, हेक्सॅडॅक्टिला, क्रासा, तिन्ही जाती एकाच मापाने. कातडी सोललेल्या तंगडीला ना तोंड ना गाव. १९८७ मध्ये सरकारने ही निर्यात बंद केली. तोवर शेतातले किती बेडूक गेले याचा हिशेब जातवार लागणं शक्य नव्हतं, कारण मोजणी वजनात होती. आणि पाऊस यावा म्हणून धोंडी मागताना मुसळाला बांधलेला तो विहिरीतला बेडूक? त्याचीही जात कुणी विचारली नाही. पण त्यात निदान व्यापार तरी नव्हता.

राहिला शेवटचा मुद्दा, आणि तो मी जरा कडक शब्दांत बोलणार आहे. पाळून कंटाळलेली माणसं बेडूक ‘निसर्गात सोडून’ येतात. सलीम अली सरोवर, हिमायत बागेतली डबकी, खाम नदी, कुठेही. हे पुण्य नाही. आपलाच भारतीय बुलफ्रॉग अंदमानात नेला गेला, आणि तिथे त्याचे बेडूकमासे स्थानिक बेडकांची पिल्लं खातात. इथे परका नव्हता, तिकडे परका झाला. शिवाय कातडीवर वाढणारी कायट्रिड बुरशी जगभर बेडकांच्या व्यापाराबरोबर पसरली आहे. ती बाळगणारा बेडूक स्वतः ठणठणीत दिसू शकतो. ज्याचं गाव माहीत नाही, त्याच्या अंगावर काय आलंय तेही माहीत नसतं. दत्तक घेऊन नीट सांभाळणारा शोधा, नाही तर वनविभागाला विचारा. पण तळ्यात नको.

त्या तरुणाला मी काय सांगितलं? बाजूने काढलेल्या फोटोत पडद्यावर फिका डाग दिसला. म्हणून त्याला म्हटलं, एडुलिसची शक्यता अधिक, पण पक्कं म्हणणार नाही. विकणाऱ्याकडून बेडूक कुठून आला याची पावती, आयातीचा कागद, काहीही मिळतं का ते बघ. मिळालं नाही, अपेक्षेप्रमाणे. तेव्हा वहीत ‘पिक्सीसेफॅलस, जात अनिश्चित’ असं लिही आणि दर महिन्याला नाकाच्या टोकापासून पाठीच्या अखेरीपर्यंतचं माप नोंदव, एवढं सांगितलं. तो थोडा हिरमुसला. त्याला नाव हवं होतं.

आणि तुमच्यासाठी एक काम. येत्या पावसात तुमच्या शेतात, आवारात, खोदलेल्या पायाच्या खड्ड्यात असा फावडेवाला बेडूक निघाला, तर त्याला पाळू नका आणि उचलून दुसरीकडेही नेऊ नका. बाजूने एक फोटो, मागच्या तळव्याचा एक, जमलं तर रात्रीच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण. आणि फोटोखाली गाव, तालुका, तारीख लिहून मगच पाठवा. नाव आम्ही बघू.

आता प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतून सुरुवात करू, तिथले हात बराच वेळ वर आहेत.